उजेडासाठी ठेवलेली बांधी

दिवाळीच्या आगेमागे माझ्या एडिटच्या स्क्रीनवर तुडतुडे येऊन बसतात. धानावरचे हे बारीक हिरवे किडे उजेड दिसला की त्यावर तुटून पडतात, आणि लाखनीत हायवेला लागून असलेल्या माझ्या खोलीत संध्याकाळी सगळ्यात मोठा उजेड स्क्रीनचाच असतो. कुणा प्राचार्यांच्या भाषणातलं खोकणं कापून काढत बसलेलं असावं, तर त्यांच्या नाकावर तुडतुडा. फुंकर मारली की तो उठतो आणि टायवर बसतो. मग मी समजते की भारी, म्हणजे उशिरा येणारं, धान पिकत आलं. आता पंधरा दिवसांत खालच्या टायरच्या दुकानापाशी परप्रांतातून आलेली कापणीची यंत्रं रांगेनं उभी राहणार आणि माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये त्यांची घरघर शिरणार.

मी व्हिडिओ करते. बँकेची फिल्म, दवाखान्याची फिल्म, शाळेच्या गॅदरिंगची फिल्म, तुमसरच्या तांदळाच्या गिरण्यांची फिल्म, आणि वर्षातून एखादा माहितीपट, कुणी करायला दिलाच तर. सुरुवात लग्नांपासून झाली. ज्यांच्याकडे मी लग्नाचं शूटिंग शिकले ते पुरुषोत्तमभाऊ आता माझ्याकडे दुसरा कॅमेरा सांभाळतात आणि गाडीही चालवतात. आम्हा दोघांचीच ही कंपनी. "ताई पिच्चर काढतात म्हणे," असं कुणी कौतुकानं विचारलं की मी सांगते, हो, तुमच्या बँकेत टोकन घेऊन बसता ना, तेव्हा समोरच्या टीव्हीवर चालतो तो माझा पिच्चर. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मला त्याची आता सवय झाली आहे.

या धंद्यात मी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द म्हणजे "थांबा". थांबा, ट्रक जाऊ द्या. थांबा, पंखा बंद करा. थांबा, कॉलरचा माईक उलटा लागलाय. नवरी उंबरठ्यावर पाय ठेवतेय, थांबा. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पेशंटच्या छातीला लावलाय, थांबा, एकदा पुन्हा. लोक थांबतात. कॅमेऱ्यापुढे माणूस इतका आज्ञाधारक का होतो, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. कलेक्टरसाहेबसुद्धा थांबतात. मग हळूहळू थांबवणाऱ्याला वाटायला लागतं की आपण म्हटलं की सगळंच थांबतं.

तीन वर्षांपूर्वीच्या कापणीत हे माझ्या अंगाशी आलं. अंगाशी माझ्या आलं, पण गेलं दुसऱ्याचं.

कौशल्याबाईंची ओळख त्याच्याही आदल्या वर्षीची. एका संस्थेसाठी जुन्या बियाण्यांवर छोटा माहितीपट करत होते. लाखनीपासून आत, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठानं गेलेल्या रस्त्याला लागून त्यांचं गाव. पन्नाशी ओलांडलेली, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. बाकीच्या शेतात त्यांचे यजमान दामोदरभाऊ पाकिटातलं बियाणं लावतात, पण कोपऱ्यातली एक बांधी, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा, बाईंची. दोन ट्रक शेजारी उभे राहतील एवढीच. त्या बांधीत सासूकडून आलेलं धान. दाण्याचं टोक काळसर, त्याला लांब तांबूस कुसळ, आणि शिजला की शेजारघरी वास जातो असा भात. मी कॅमेरा लावून विचारलं, "मावशी, या धानाचं नाव काय?"

"धान."

"कोणतं धान?"

"आमचं."

यापुढे माहितीपटाला माहिती मिळाली नाही. नंतर कॅमेरा बंद झाल्यावर बांधावर बसून त्या म्हणाल्या, "सासूनं मरताना मले पोत नाई देल्ली, पाटल्या नाई देल्ल्या. बी देल्लं. म्हने, इतरायनं सोडलं, तू सोडजो नको." दरवर्षी कापणीच्या आधी त्या एकट्या बांधीत उतरतात आणि चांगल्या भरलेल्या लोंब्या हातानं खुडून बियाला वेगळ्या काढतात. बाकीचं घरात खायला. आजूबाजूच्या गावांत हे धान आता कुणाकडे नाही. शहापूरला त्यांच्या नणंदेकडे होतं, तिनंही ते केव्हाच सोडलं. निघताना त्यांनी मला लोंब्यांचा एक झुपका बांधून दिला. "दारावर टांगजो. चिमन्या येतीन."

हायवेवर चिमण्या कुठल्या यायला. मी तो झुपका आत टांगला, मुलाखतीच्या खुर्चीमागच्या भिंतीवर. बॅकग्राउंडला छान दिसायचा. दाणे गळायला लागले तेव्हा नवरीच्या मेकअपच्या पेटीतला हेअरस्प्रे त्यावर मारला. झुपका कडक झाला, चमकायलाही लागला. त्यानंतर वर्षभर जो कुणी त्या खुर्चीत बसून "आमच्या संस्थेची वाटचाल" सांगून गेला, त्याच्या डाव्या कानामागे कौशल्याबाईंचं धान होतं.

पुढच्या वर्षी तुमसरच्या एका गिरणीची फिल्म आली. शेठ मोठे हौशी. यंत्रं, पोती, प्रयोगशाळा सगळं शूट झालं, तरी त्यांचं समाधान होईना. "मॅडम, सुरुआत में खेत चाहिए. गोल्डन, एकदम गोल्डन. और मैं उस में से चलते हुए आऊंगा." तोवर यंत्रांनी सगळीकडची शेतं भुंडी केली होती. उभं धान राहिलं होतं ते कौशल्याबाईंच्या बांधीत, कारण ते सगळ्यात उशिरा पिकतं. त्या गिरणीत हे धान कधी गेलं नव्हतं आणि जाणारही नव्हतं, पण फिल्मच्या धंद्यात असल्या गोष्टी कुणी विचारत नाही. मी फोन केला. बाई खूश झाल्या. "आमचं धान पिच्चरमंदी?" शेठना वेळ होईपर्यंत त्यांनी चार दिवस बांधी उभी ठेवली.

ठरलेल्या दिवशी आम्ही पोचलो. शेठ पांढरा शर्ट घालून आलेले, कौशल्याबाई नव्या लुगड्यात, आणि आभाळ राखाडी. सकाळचे दहा वाजले तरी सावली पडेना. अशा उजेडात धान पिवळं नाही, मातकट दिसतं. बाई बांधावर आल्या, हातात टोपली होती. "लोंब्या निवडून घेऊ का अगोदर? मंग काहाडा तुमाले काय काहाडाचं ते."

मी म्हटलं, "नाही मावशी. आत पाय पडले की धान आडवं होते, वाटा दिसतात वरून. उद्या ऊन पडणार आहे, मोबाईलवर दाखवून राहिलं. एक दिवस थांबा."

त्यांनी आभाळाकडे बघितलं. पुरुषोत्तमभाऊंनीही बघितलं. भाऊ मला हळूच म्हणाले, "ताई, घेऊन टाकू नं असंच. ढग काई चांगले नाई दिसत." मी ऐकलं नाही. मला गोल्डन पाहिजे होतं. कौशल्याबाईंनी टोपली काखेत मारली आणि म्हणाल्या, "थांबते मंग. एका दिवसानं काय होते."

पाऊस त्याच दिवशी चारला सुरू झाला आणि दोन दिवस पडत राहिला. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस होते, गावोगावचे मांडव भिजले, माझी दोन कामं रद्द झाली, आणि मी घरी खिडकीत बसून फोनकडे बघत होते. फोन करायची हिंमत नव्हती. तिसऱ्या दिवशी गेले. पिकलेलं धान पाण्यात आडवं झोपलं होतं. कौशल्याबाई गुडघ्याएवढ्या चिखलात उभ्या. त्यांनी एक लोंबी उचलून माझ्यापुढे धरली. दाण्यादाण्यातून पांढरे कोंब निघाले होते.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "न लावताच उगवलं."

 मी काहीतरी बोलायला लागले, चूक माझी आहे वगैरे. त्यांनी थांबवलं. "तू काय पानी आनलं का? मी थांबली. मले बी पाहाचं होतं टीव्हीत." घरात मागच्या वर्षीचं बी शिल्लक आहे का, विचारलं. नव्हतं. पेरून उरलेलं खाऊन झालं होतं. आजवर कधी शिल्लक ठेवायची वेळ आली नाही, बियाच्या बांधीनं कधी दगा दिला नव्हता. दामोदरभाऊ बांधावर उभे होते. बियाच्या बांधीच्या बाबतीत त्यांनी आजवर तोंड घातलं नव्हतं आणि त्या दिवशीही घातलं नाही. मला त्या माणसाकडे बघायची लाज वाटली.

नंतरचे आठवडे कामाचेच होते. शेठची फिल्म पूर्ण करायची होती, तेव्हा सुरुवातीचा सोनेरी शेताचा शॉट इंटरनेटवरून विकत घेतला. कुठल्या तरी परक्या देशातलं शेत, वाऱ्यावर डुलणारं, अगदी शेठना हवं तसं गोल्डन. गिरणीच्या पूजेला मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषोत्तमभाऊ तेवढे माझ्या कानाशी लागले. "ताई, त्या धुऱ्यावर तूर नाई." आमच्याकडे धानाच्या बांधावर तूर असतेच. एवढ्या गर्दीत बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी बोललं नाही. ज्या शॉटसाठी कौशल्याबाईंचं बी गेलं, तो फिल्ममध्ये लागलाच नाही. आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात. त्या काळात मी बाईंना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा दामोदरभाऊंनी उचलला आणि "ते वावरात गेली" म्हणून ठेवला.

जानेवारीत एका शिकवणी वर्गाच्या संचालकांची फिल्म चालू होती. मुलाखत माझ्याच खोलीत त्याच खुर्चीत घेतलेली. त्यांनी पहिला कट बघून निरोप पाठवला: "बाकी उत्तम. मागचं गवत काढता येईल का?" असल्या सुधारणा करण्यात आमचं अर्धं आयुष्य जातं. मी चरफडत बसले, चित्र चौपट मोठं केलं आणि त्यांच्या कानामागचं गवत पुसायला सुरुवात केली. दहा-बारा फ्रेम पुसून झाल्या असतील. मोठं केल्यामुळे एक दाणा स्क्रीनभर आला. काळसर टोक. त्याला लांब तांबूस कुसळ.

मी खुर्ची फिरवून मागं बघितलं. भिंतीवर झुपका तसाच होता, चमकत.

 रोज पाठीमागे होता. त्याच्यापुढे बसून मी बी गेल्याचं दुःख केलं होतं, पुरुषोत्तमभाऊंना दहा वेळा तीच गोष्ट सांगितली होती, एकदा रडलेही होते, आणि दोघांपैकी एकानंही मान वर करून भिंतीकडे पाहिलं नाही. आमच्या लेखी ते धान राहिलंच नव्हतं, बॅकग्राउंड झालं होतं. आनंद झाला आणि त्याच क्षणी तोंडचं पाणी पळालं, कारण हेअरस्प्रेची आख्खी बाटली मी त्यावर रिकामी केली होती.

झुपका नव्या उशीच्या खोळीत घालून आम्ही गावाला गेलो. कौशल्याबाई अंगणात लाखोरीची, म्हणजे लाखेच्या डाळीच्या कोवळ्या पाल्याची, भाजी निवडत होत्या. मी खोळ त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी आत हात घातला, एक लोंबी काढली, कुसळावरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "हे तं बायकायच्या केसायचा वास येऊन राहिला." मी सगळं कबूल केलं. का मारला, किती मारला, कशासाठी मारला. त्यांनी माझ्याकडे, मग पुरुषोत्तमभाऊंकडे बघितलं. "लोंबीले मेकप?"

भाऊ म्हणाले, "मी नाई हो, हे ताईचं काम आहे."

त्यांनी रिठ्याच्या पाण्यात दाणे दोनदा धुतले, सावलीत सुकवले, आणि त्यातले दहा दाणे ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून चुलीजवळच्या उबेला ठेवले. बाकीचे डब्यात. उगवण आहे की नाही ते आधी पाहायचं, मग पावसाळ्याची वाट. मी रोज फोन करायची. आता फोन त्या स्वतः उचलायच्या. "काय झालं मावशी?" "कोंबडी बसली आहे, अंडे नाई फुटले अजून." मी एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये शूटिंग करत होते, डोळा कॅमेऱ्याला आणि जीव त्या पोत्यात. सहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "ये."

पोतं उलगडलं. सहा दाण्यांना कोंब आले होते, चार तसेच होते. नोव्हेंबरात जे मी त्या चिखलात बघितले होते, तेच पांढरे कोंब. बाईंनी चार दाणे बाजूला सारले. "हे तुह्या फवाऱ्याचे." आणि सहा दाखवत म्हणाल्या, "हे माह्या सासूचे." मग पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या. दामोदरभाऊ पोत्यावर वाकून ते सहा दाणे मोजत राहिले, जसं काही एखादा कमी व्हायचा होता.

पहिल्या वर्षी त्या धानाची लावणी एका खाटेएवढ्या जागेत झाली. रात्रंदिवस राखण, डुकरांपासून, गुरांपासून, पाहुण्यांपासून. मी त्या वर्षी कॅमेरा घेऊन गेले नाही. दुसऱ्या वर्षी अर्धी बांधी. त्याही वर्षी नेला नाही. बाईंनी बोलावलंही नाही आणि मी विचारलंही नाही.

या वर्षी तुडतुडे आले, यंत्रंही येऊन गेली, त्यानंतरच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. "बांधी पुरी भरली. उद्या कापून राहिलो. कॅमेरा आनजो."

सकाळी गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा वर बघितलं. ती सवय जात नाही. आभाळ राखाडी. तोच मातकट उजेड, सावली नाही. बांधावर तूर फुललेली, तिच्या पिवळ्या फुलांनाही रंग चढेना. कौशल्याबाई टोपली घेऊन उभ्या होत्या, टोपली भरलेली होती. उजाडताच आत उतरून बियाच्या लोंब्या त्यांनी काढून घेतल्या होत्या. उभ्या धानात त्यांच्या पायांच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या, इकडून तिकडे, वाकड्यातिकड्या, जिथं चांगली लोंबी दिसली तिथं वळलेल्या. ढग असूनही मला ते फार आवडलं.

त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. "ऊन नाई आज. थांबाचं आहे का?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "घेते असंच."

पुरुषोत्तमभाऊंनी ट्रायपॉड रोवला. मी बटण दाबलं आणि पूर्ण एक मिनिट मातकट धान, त्यातल्या वाटा आणि बांधावर टोपली घेऊन उभी असलेली बाई, एवढंच घेतलं. याला क्लायंट नाही. कुठल्या बँकेच्या टीव्हीवर ते चालणार नाही. माझ्या हार्डडिस्कवर प्रत्येक फोल्डरला क्लायंटचं नाव असतं, या फोल्डरला काय नाव द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.

मग सगळे विळे घेऊन उतरलो. दामोदरभाऊ, बाई, त्यांच्या दोन जावा, आणि मीही. मला विळा नीट चालवता येत नाही, तरी चालवला. कापलेलं धान ओळीनं जमिनीवर पसरत गेलो. याला कडपा म्हणतात, तो असाच दोन-तीन दिवस वाळू द्यायचा असतो, मग बांधायचं. कापताना बुडाशी लाखोरीचे हिरवे कोवळे शेंडे दिसत होते, उभ्या धानातच पेरलेले. हातांना खाज सुटली. दुपारी भाकर, तुरीच्या कोवळ्या शेंगांची भाजी आणि झुणका. चारच्या सुमारास शेवटची ओळ पडली.

तेव्हा ऊन आलं. पश्चिमेकडचा ढग फाटला आणि तिरकं, पिवळंधमक ऊन आख्ख्या बांधीवर पसरलं. तीन वर्षांपूर्वी ज्याची मी वाट पाहिली होती, अगदी तेच. कुसळं पेटल्यासारखी झाली, लाखोरीचा हिरवा रंग चमकला. पुरुषोत्तमभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, जिथं कॅमेऱ्याची बॅग होती.

कौशल्याबाईंनी कंबर सरळ करून कपाळावर आडवा हात धरला. "बरं झालं आलं," त्या म्हणाल्या. "कडपा वाळन."

एका ठिकाणी माझ्या हातून धान दाट पडलं होतं, खालच्या लोंब्यांना ऊन लागलं नसतं. मी खाली बसले आणि ते हातानं पातळ करायला लागले.